भिशी, पतपेढी आणि सात महिन्यांचा ब्रेक

समजा, नाशिकच्या सिडकोतल्या एका गल्लीत २० जणांची भिशी आहे. दरमहा प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे १० हजार जमा. भिशी चिठ्ठीची असेल तर ज्याचं नाव निघेल त्याला पूर्ण १० हजार मिळतात आणि २० महिन्यांत सगळ्यांची पाळी येऊन जाते. बोलीची असेल तर मामला वेगळा. ज्याला या महिन्यात पैसे हवेच आहेत तो म्हणतो, मी नऊ हजाराला उचलतो. दुसरा म्हणतो साडेआठ. ज्याच्या पोरीच्या फीची तारीख उद्यावर आलेली असते तो आठ हजार दोनशेवर येतो आणि भिशी उचलतो. उरलेले १,८०० रुपये २० जणांत वाटले की डोई ९० पडतात. त्या महिन्यात प्रत्येकाने ५०० ऐवजी ४१० भरायचे. गरजवंताने व्याज मोजलं खरं, पण ते सावकाराच्या तिजोरीत गेलं नाही. शेजाऱ्यांत वाटलं गेलं, आणि त्यातले ९० त्याच्याही वाट्याला आले.

या व्यवहाराला स्टॅम्पपेपर नाही, पावती नाही, तारण तर नाहीच. भिशी उचललेल्या माणसाने पुढच्या महिन्यापासून तोंड फिरवलं तर चालकाला पदरचे भरावे लागतात, नाहीतर भिशी फुटते. म्हणून नवा माणूस घेताना चालक त्याचा पगार नंतर विचारतो. आधी विचारतो, कुठल्या कंपनीत आहेस, आणि पर्मनंट की कंत्राटी?

कष्टकऱ्यांनी एकमेकांना सावरण्याच्या पद्धतींबद्दल बोलताना आपल्या तोंडी माणुसकी, आपलेपणा हे शब्द फार लवकर येतात. माणुसकी असतेच, पण तिच्या भरवशावर २० महिने हप्ते येत नाहीत. हप्ते येतात ते पुढच्या महिन्याच्या १० तारखेलाही हा माणूस इथेच असणार या खात्रीवर. नाशिकच्या कारखान्यांनी ही खात्री एका पिढीला दिली आणि पुढच्या पिढीकडून काढून घेतली. त्या खात्रीसोबत आणखी काय गेलं, याचा हिशेब आपल्याकडे कुणी फारसा मांडत नाही. कामगार चळवळीचा इतिहास आपण संपांचा म्हणून लिहितो. मधल्या शांत वर्षांत आजारी माणसाचं घर कशावर चाललं, मयताचं सामान कोणाच्या पैशाने आलं, हे त्यात सापडत नाही.

इंग्लंडमध्ये हा इतिहास नीट लिहिला गेलाय. तिथे मजुरांच्या परस्पर साहाय्याच्या मंडळ्यांना संसदेने १७९३ मध्येच कायद्याचं छत्र दिलं. आठवड्याला काही पेन्स भरायचे. आजारपणात घरबसल्या ठरलेली रक्कम मिळायची आणि मेल्यावर अंत्यविधीचा खर्च. बेवारशासारखं सरकारी खर्चाने पुरलं जाण्याची त्या मजुरांना विलक्षण भीती होती. या मंडळ्या वाढल्या त्या बऱ्याच अंशी त्या भीतीपोटी. ऑडफेलोज, फॉरेस्टर्स अशी त्यांची नावं, दारूच्या गुत्त्यात भरणाऱ्या बैठका, वहीतली नोंद, चुकलेल्या हप्त्याला दंड. १९११ मध्ये तिथल्या सरकारने आरोग्य विमा आणला तेव्हा तो राबवण्यासाठी याच मंडळ्यांना हाताशी धरलं. १९४८ मध्ये नव्या राष्ट्रीय विम्यात त्यांना बाजूला सारलं गेलं. ज्याच्या अहवालावर ती सगळी व्यवस्था उभी राहिली त्या बेव्हरिजलाच ते रुचलं नव्हतं. पण मुद्दा असा, की सरकार आलं तेव्हा खाली काहीतरी उभं होतं.

आपल्याकडे खाली काय होतं? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, हजारो सह्यांचं निवेदन सरकारकडे धाडलं, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. एवढं करूनही त्यांच्या मिल हँड्स असोसिएशनकडे ना सभासदांची यादी आहे, ना निधी, ना नियम, असा शेरा १८९२ च्या सरकारी अहवालात आहे. शेरा मारणारा साहेब खवचट असेल, पण खोटं बोलत नव्हता. लोखंडे यांचं मोठेपण त्याने कमी होत नाही. कामगार तेव्हा वर्गणी कशाला भरत नव्हता, एवढंच त्यातून कळतं. आजारी पडला की तो बोट नाहीतर गाडी पकडून गावी जायचा. गाव हीच त्याची विमा कंपनी होती. तिचा हप्ता तो मनीऑर्डरीने भरायचा आणि दावा वसूल करायचा तो आईच्या नाहीतर बायकोच्या कष्टांतून. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या, गावमंडळं, खानावळी ही त्या गावाचीच मुंबईतली शाखा. धोबीतलाव-गिरगावाकडे गोव्याच्या खलाशांचे कूड होते. प्रत्येक गावाचा कूड वेगळा, महिन्याची किरकोळ वर्गणी, संताची वेदी, आणि जहाज लागेपर्यंत पथारी टाकायला जागा. विलायतेतल्या त्या मंडळ्यांशी आपल्या बाजूचं सर्वांत जवळचं नातं मला या कुडांचं वाटतं, कारण तिथे नियम होते आणि वही होती.

गावाच्या विम्यात एक खोट होती. ज्याला गावात जमीन नाही, किंवा ज्याला गाव वेशीबाहेर ठेवतं, त्याचा दावा मंजूर होत नसे. गिरण्यांच्या चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्याला दोरा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ! डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे पुढे केला. ज्यांची कमाई कमी त्यांनाच आधार कमी, अशी ही रचना होती. आपलेपणावर चालणारी मदत आपल्यांपुरतीच असते. तिचे गोडवे गाताना हे विसरता येत नाही.

मग उरायचं कर्ज. १९२९ मध्ये नेमलेल्या मजूरविषयक शाही आयोगाने पाहिलं, की बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोनतृतीयांश कामगार कुटुंबं कर्जात आहेत, आणि बऱ्याच जणांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. व्याजाचा दर सर्रास रुपयाला महिन्याचा एक आणा. वर्षाला शेकडा ७५ रुपये झाले. पगाराच्या दिवशी फाटकावर काठी घेऊन उभा राहिलेला पठाण जुन्या कामगारांच्या आठवणींत हटकून येतो तो याच हिशेबापायी.

यावर उतारा निघाला तो १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यातून. कायदा आणला शेतकऱ्यासाठी, पण त्याचा पहिला खरा फायदा उठवणाऱ्यांत पगारदार नोकर होते. १९१२-१३ च्या सुमारास रेल्वेच्या नोकरांच्या पतपेढ्या उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या काही आजही चालू आहेत. हे रेल्वेतच का झालं, हे मनमाड आणि इगतपुरी माहीत असलेल्या नाशिककराला सांगावं लागू नये. रेल्वेच्या माणसाची बदली होते, पण नोकरी जात नाही. घाटाखाली गेला काय, भुसावळला गेला काय, त्याचं नाव पगारपत्रकावर राहतं. पतपेढीला दिसत राहण्यासाठी त्याने गल्लीत राहायची गरज नव्हती. पत ओळखीच्या गल्लीतून कागदावर आली ती इथे. ही घटना मला कित्येक संपांहून महत्त्वाची वाटते.

नाशिक शहराची गोष्ट नंतर सुरू होते. नाशिकरोडला १९२५ मध्ये सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ मध्ये नोटांचा छापखाना आला, आणि तीर्थक्षेत्राच्या शेजारी पेन्शनवाल्या नोकरदारांचं एक गाव वसलं. ओझरला विमानाचा कारखाना आणि सातपूरची औद्योगिक वसाहत ही साठच्या दशकातली. मागून अंबड. मायको, सिएट, महिंद्रा, क्रॉम्प्टन अशी नावं आली. (मायकोची २००८ मध्ये बॉश झाली, पण चौक अजून मायको सर्कलच आहे.) सिन्नर, निफाड, दिंडोरीकडची पोरं आली, आणि खानदेशातून तर गावंच्या गावं आली. सिडकोच्या सहा योजनांत ती स्थिरावली. श्रावणात तिथे कानबाई बसते, रोट होतात आणि भाऊबंदकी वर्षभराचे रुसवे सोडून एका ताटावर येते. पण घरासाठी दोन लाख हवे असले तर हा माणूस भाऊबंदांकडे जात नाही, कंपनीच्या पतपेढीत जातो. भाऊबंदांकडे पैसे नसतात असं नाही. पण त्यांच्याकडून घेतले की ते जन्मभर बोलून दाखवले जातात, हे त्याला ठाऊक असतं.

पगारदार नोकरांची पतसंस्था ही चीज बाहेरच्या वाचकाला रुक्ष वाटेल, म्हणून जरा जवळून दाखवतो. सभासदाचा शेअर असतो आणि पगारातून दरमहा सक्तीची वर्गणी जाते. त्या पुंजीवर त्याला ठरावीक पट कर्ज मिळतं. दोन जामीनदार लागतात, तेही सभासदच. तातडीचं कर्ज वेगळं. छोटं, पण अर्ज दिल्यावर दोनचार दिवसांत हातात पडणारं. बहुतेक ठिकाणी सभासद कल्याण निधी किंवा मयत फंड असतो. सभासद वारला तर त्याच्या बायकोच्या दारात वसुलीला जायचं नाही, कर्ज त्या निधीतून फेडायचं किंवा त्यातलं निदान काही माफ करायचं, असा नियम असतो. वर्षअखेर लाभांश वाटला जातो. दिवाळीला भेटवस्तू मिळते: स्टीलचा डबा, बॅग, थर्मास. आणि ती कुठून घेतली, कोणाच्या मेव्हण्याच्या दुकानातून, यावर वार्षिक सभेत तासभर खडाजंगी होते.

ही खडाजंगी किरकोळ समजू नका. ज्या माणसाला कारखान्यात सुपरवायझरपुढे तोंड उघडायची सोय नाही, तो इथे माईक ओढून घेऊन विचारतो, की प्रवासखर्चाच्या नोंदीत चाळीस हजार आले कुठून? ताळेबंद, तरतूद, राखीव निधी, अनुत्पादक कर्ज हे शब्द नाशिकच्या फिटर-टर्नरना वर्तमानपत्रांनी शिकवले नाहीत. पतपेढीच्या अहवालाने शिकवले. नगरसेवकाच्या निवडणुकीहून पतपेढीची निवडणूक चुरशीची होते, पॅनेलं पडतात, छत्री आणि कपबशी आमनेसामने येतात, जेवणावळी उठतात. त्यात भ्रष्टाचार नसतो असं मी म्हणणार नाही. जामिनाच्या सहीत जात आडवी येत नाही असंही नाही. पण भिशीत माणूस घ्यायचा की नाही हे चालकाच्या मर्जीवर असतं, आणि पतपेढीत पगारपत्रकावर नाव असलेल्याला नाकारायला कारण लागतं. एवढा फरक पुष्कळ आहे. एका खात्यात काम करणाऱ्या, पण एका पंगतीला न बसणाऱ्या दोघांनी एकमेकांना जामीन राहणं हे पगारपत्रकाने घडवलं.

या सगळ्याचा कणा कायद्याच्या एका कलमात आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६०, कलम ४९. सभासदाने लिहून दिलं, की माझ्या पगारातून हप्ता कापून संस्थेला द्यावा, तर मालकाने तो कापलाच पाहिजे आणि संस्थेकडे भरलाच पाहिजे. नाही भरला तर जबाबदारी मालकाची. पतपेढीला वसुली अधिकारी ठेवावा लागत नाही. हप्ता माणसाच्या हातात येण्याआधीच वळता होतो. म्हणून पगारदारांच्या पतपेढ्या सहसा बुडत नाहीत. जाहिराती देऊन, चढं व्याज कबूल करून परक्यांच्या ठेवी गोळा करणाऱ्या पतसंस्था बुडाल्या. जळगावच्या बीएचआर पतसंस्थेचं प्रकरण उत्तर महाराष्ट्राला पक्कं माहीत आहे. दोन्हींच्या पाटीवर शब्द एकच असला तरी जात वेगळी आहे. एकीत सभासद एकमेकांना ओळखतात, दुसरीत ठेवीदार फक्त व्याजाचा दर ओळखतो. अर्थात बंद दारातली पतपेढीही जगापासून सुटी नाही. जिल्हा बँकेत पैसा ठेवावा आणि ती बँकच थकबाकीत रुतावी, हे नाशिकमधल्या संस्थांनी सोसलेलं आहे.

आता त्याच कारखान्यांच्या फाटकावर सकाळच्या पाळीला उभं राहा. आत जाणाऱ्यांत कंपनीच्या पगारपत्रकावरचे किती आणि कंत्राटदाराचे किती, हे गणवेशाच्या रंगावरून कळतं. एकाच लाइनवर, एकाच मशीनवर दोन रंग असतात. दुसऱ्या रंगाच्या पोराला सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळतो, कारण वर्षात २४० दिवस काम झालं की कायदा त्याला हक्क द्यायला लागतो. ब्रेकनंतर तो दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर दुसऱ्या कंपनीत असतो, कधीकधी त्याच कंपनीत. काही जण ट्रेनी म्हणून भरतात. त्यांना पगार नसतो, विद्यावेतन असतं.

पतपेढीच्या बहुतेक उपविधींत सभासदत्व कायम कर्मचाऱ्यांपुरतं आहे. सात महिन्यांत जाणाऱ्याकडून तीन वर्षांच्या कर्जाचे हप्ते कसे कापणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. जुने लोक निवृत्त होतात, नवे पर्मनंट होत नाहीत, सभासदसंख्या वर्षागणिक घटते. संस्थेकडे निधी भरपूर आणि कर्ज मागणारे कमी, अशी उलटी अडचण होते. आणि त्याच शेडमध्ये दहा फुटांवर उभ्या असलेल्या पोराला पाच हजारांसाठी कुणी दारात उभं करत नाही. भिशीत तर तो बसतच नाही, पहिल्या प्रश्नालाच बाद होतो. ब्रेकबद्दल बोलताना आपण ग्रॅच्युइटी बुडाल्याचं बोलतो. शेजाऱ्याने त्याला जामीन राहण्याची शक्यताही त्या ब्रेकने बुडते, ते कुठल्याच मागणीपत्रकात येत नाही.

काही जण म्हणतील, हे काम सरकारचं आहे, पतपेढ्यांचं कसलं कौतुक करता? या आक्षेपात तथ्य आहे. आजारपणाचा खर्च २० शेजाऱ्यांच्या खिशातून निघत नाही. त्याला विमाच लागतो. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सरकारला सादर केली. तेव्हा मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. त्या पायावर १९४८ चा राज्य विमा कायदा आला. आज त्या विम्यात कामगाराच्या वेतनाचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जमा होतात; त्याचं रुग्णालय सातपूरला आहे. ही व्यवस्था हवीच, आणि आहे त्याहून चांगली हवी. पण सरकारी निधीत कामगाराचा पैसा असला तरी त्याचा आवाज असतोच असं नाही. याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे.

सिन्नर आणि नाशिक ही विडीची जुनी गावं. विड्या वळणाऱ्या बहुतेक बायका, काम घरी, मधे ठेकेदार, पान कमी भरलं तरी भुर्दंड तिचाच, आणि छाट म्हणून बाजूला टाकलेल्या विड्यांची मजुरी नाही. त्यांच्यासाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी केला. विड्यांवर उपकर लावायचा आणि त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांना मदत द्यायची. चांगली योजना होती. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तो उपकरच रद्द झाला, आणि निधी अर्थसंकल्पातून येईल तेवढ्यावर आला. नाव विडी कामगारांचं, पण तो आटवायचं ठरलं तेव्हा एकाही विडी कामगारणीला विचारण्याचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण तिची त्यात सही कधी नव्हतीच. पतपेढीने उद्या मयत फंड बंद करायचं ठरवलं तर सभा उधळली जाईल.

मग ज्याला एक मालक नाही, त्याचं काय करायचं? याचं उत्तर महाराष्ट्राने केव्हाच काढून ठेवलंय, आणि ते हमालांनी काढायला लावलं. १९६९ चा माथाडी कायदा. हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी उतरवतो, दुपारी दुसऱ्याची. मालक कोण, हा प्रश्नच या कायद्याने गौण केला. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचा पगार, औषधपाणी. नोकरी व्यापाऱ्याकडे नाही, मंडळाकडे नोंदलेली. माझ्या मते स्वातंत्र्यानंतर या राज्यात कामगारांसाठी झालेल्या कायद्यांत हा सर्वांत कल्पक. अण्णासाहेब पाटलांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं ते योग्यच आहे. आणि पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने याच वाटेने जाऊन पुढे कष्टाची भाकर हे कष्टकऱ्यांसाठीचं स्वस्त जेवणघर उभं केलं.

लेव्ही म्हणजे काय, हे नाशिकला एप्रिल २०२४ मध्ये अद्दल घडल्यासारखं कळलं. हमाली, तोलाई आणि लेव्हीच्या वादावरून जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद पडले. शेतकऱ्याच्या पट्टीतून पैसे कापायचे की नाही, कापायचे तर कुणाच्या नावाने, लेव्हीची जुनी बाकी कुणी भरायची, यावर व्यापारी आणि माथाडी अडून बसले. भरडला गेला तो शेतकरी. त्याचा राग मला समजतो. उन्हात ट्रॉली उभी करून बसलेल्याला मंडळाचा इतिहास ऐकवण्यात अर्थ नाही. पण त्या वादात एक गोष्ट लख्ख दिसली. लेव्हीचा प्रश्न लासलगावच्या हमालाला प्राणपणाने लढण्याजोगा वाटला. त्याला ठाऊक होतं, की ती त्याची वर्गणी आहे.

सातपूर-अंबडच्या कंत्राटी पोराकडे लढायला अशी वर्गणीच नाही. त्याच्या बायकोकडे मात्र एक गट आहे. तोही बचत गट असेल तर ठीक. तिथे निदान बायकांची बचत गटातच फिरते, अंतर्गत कर्ज होतं, व्याज गटातच राहतं. नाबार्डने १९९२ मध्ये असे गट बँकांना जोडायला सुरुवात केली तेव्हा भिशीच्याच अंगभूत शहाणपणाला बँकेचं दार उघडलं होतं. पण आज गल्लीत ‘गटाचं लोन’ म्हणतात ते बहुधा मायक्रोफायनान्सचं. कर्ज प्रत्येकीच्या नावावर वेगळं. जामीन मात्र सगळ्या एकमेकींना. एकीचा हप्ता चुकला की वसुलीवाला उठत नाही, बाकीच्यांनी काढून द्यायचे. आणि या कंपन्यांना कायद्याने ठेवी घेता येत नाहीत, त्यामुळे बायकांची स्वतःची पुंजी तिथे कधी साठत नाही.

भिशीतून शेजाऱ्याची जबाबदारी तेवढी उचलली आणि जमा पैशांचा डबा मागे ठेवला, अशी ही योजना आहे. जामिनकी २० जणींची, व्याज कंपनीचं. बोलीच्या भिशीत उचलणारीचे ९० रुपये तिला परत मिळत होते, इथे तेही नाहीत. मायक्रोफायनान्सने गरज भागवली नाही असं मी म्हणत नाही. बँक ज्या बाईला खुर्ची देत नाही तिच्या ओट्यावर येऊन यांनी पैसे दिले. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून हप्त्यांचं एकूण ओझं कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत ठेवायचा नियमही घातला. निम्म्याच्या! पगारपत्रकावरच्या माणसाने निम्मा पगार हप्त्यात घालायचं म्हटलं तर त्याची पतपेढीच त्याला दटावते.

आणि जिथे डबाही नाही न् ओळखही नाही, तिथे काय उगवतं ते नाशिकने २०१४ मध्ये केबीसी आणि २०१६ मध्ये मैत्रेय या कंपन्यांच्या प्रकरणांत पाहिलं. थोड्या काळात पैसे कित्येक पट करून देण्याच्या थापांना कामगार आणि शेतकरी हजारोंनी भुलले. त्यांना लोभी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्याला कुठलीही पतपेढी दारात उभं करत नाही आणि बँकेला ज्याचं तोंड माहीत नाही, त्याला साठवलेले ५० हजार ठेवायला विश्वासाची जागा आपण कोणती दाखवली होती?

कंत्राटी कामगाराच्या पगारातून हप्ता कापणं जमणार नाही, ही सबब आता टिकत नाही. त्याचा पीएफ कापला जातोच. २०१४ पासून त्याला कायमचा खाते क्रमांक आहे, कंत्राटदार कितीही बदलले तरी तोच. राज्य विम्याचा क्रमांकही बदलत नाही. म्हणजे सरकारला तो सगळीकडे सापडतो. तो फक्त त्याच्या शेजारच्या मशीनवाल्याला सापडत नाही. पतपेढी एका कंपनीची न राहता वसाहतीची झाली, सभासदत्व कंपनीऐवजी सातपूर आणि अंबडच्या हद्दीला जोडलं गेलं, आणि हप्ता कापण्याची जबाबदारी कंत्राटदार बदलला तरी मूळ कंपनीवर राहिली, तर रेल्वेच्या माणसाला जे १९१२ मध्ये मिळालं ते याला आज मिळेल. घाट ओलांडला तरी नाव कागदावर राहील. मोठ्या कर्जाचा धोका वाटतो तर पाच-दहा हजारांच्या तातडीच्या कर्जापासून सुरुवात करावी. वर्गणी आधी सहा महिने घ्यावी. मयत फंडात मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावं, कारण मशीन रंग बघून हात पकडत नाही.

यासाठी सरकारची वाट पाहत बसू नये असं मला वाटतं. कामगार संघटनांनी कायम कामगारांचे करार करण्यात आयुष्य घालवलं आणि ते करार चांगलेही केले, पण दुसऱ्या रंगाच्या गणवेशाकडे त्यांनी पाहुण्यासारखं पाहिलं. पतपेढ्यांकडे आज पैसा आहे, संस्था चालवून दाखवण्याचा अनुभव आहे आणि सभासद आटत चाललेत. सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरच्या आत घ्यावीच लागते, आणि उपविधी बदलायचे तर त्याची सुरुवात सभेतल्या ठरावानेच होते. मग तो निबंधकाकडे जातो. सातपूर-अंबडच्या पतपेढ्यांच्या सभासदांनी यंदा भेटवस्तूवरची चर्चा अर्ध्या तासात आटपावी आणि कंत्राटी कामगारांना सभासद करून घेण्याचा ठराव विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा.